धरण आमचे, तहान कुणाची?

रविवारची मिस्सा आटोपली, की चर्चच्या आवारात माणसे घटकाभर रेंगाळतात. मुलांच्या शाळाप्रवेशापासून गावाकडच्या लग्नापर्यंत सगळे विषय तेथे निघतात आणि एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचा विषय हमखास निघतो. खारघरहून किंवा उलव्याहून नातेवाइकांकडे आलेले एखादे कुटुंब टँकरची रडकथा सांगू लागते. मग वाशी-नेरूळचा कोणीतरी सहानुभूतीने, पण किंचित अभिमानानेही म्हणतो, "आमच्याकडे तो प्रश्नच नाही. आमच्या महापालिकेचे स्वतःचे धरण आहे."

या वाक्याशी आमचे भांडण आहे. ते खोटे आहे म्हणून नव्हे. ते पुष्कळसे खरे आहे आणि आम्ही स्वतःही ते अनेकदा उच्चारले आहे. आमचे भांडण त्यातील 'आमचे' आणि 'स्वतःचे' या दोन शब्दांशी आहे. हे शब्द एकदा तोंडात बसले, की पुढचा विचार थांबतो. पाणी कोठून आले, कोणाच्या शिवारातून आले, कोणाला सोडून आपल्यापर्यंत पोहोचले, हे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. नळ सोडावा, बिल भरावे आणि हात झटकून मोकळे व्हावे.

प्रथम जे खरे आहे ते मान्य करू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे नवे शहर आखले गेले. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. त्या काळी शहराची तहान उसन्या पाण्यावर भागत असे. पुढे रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात धावरी नदीवरील मोरबे धरणाचा शासनाने हाती घेतलेला प्रकल्प महापालिकेने विकत घेतला. स्वतःच्या मालकीचे धरण असणाऱ्या महापालिका आपल्या देशात फार थोड्या. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्या दूरदृष्टीला आम्ही नावे ठेवणार नाही. त्यांच्यामुळेच आमच्या घरातील बायाबापड्यांना पहाटे उठून हंडे भरावे लागत नाहीत.

परंतु दूरदृष्टीने मिळवलेली वस्तू आंधळेपणाने उधळता येते. मोरबे धरणाची पूर्ण पातळी ८८ मीटर आणि साठवणक्षमता १९०.८९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १९ हजार ८९ कोटी लिटर. भोकरपाडा येथील जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता दररोज ४५ कोटी लिटरची. ही क्षमता वर्षभर पूर्ण वापरली तर लागणारे पाणी होते १६ हजार ४२५ कोटी लिटर. बाष्पीभवनात उडून जाणारे आणि तळाशी राहणारे पाणी वजा घातले, तर काठोकाठ भरलेले धरणही आपल्याला जेमतेम एक वर्ष पुरते. दुसऱ्या वर्षाची बेगमी त्यात नाही. म्हणजे ज्याला आपण आपली कायमची ठेव समजतो ती प्रत्यक्षात वर्षभराची पुंजी आहे आणि दर पावसाळ्यात ती नव्याने जमवावी लागते. २०२३ च्या उन्हाळ्यात पाणीकपात आली तेव्हा आपल्यातील कित्येकांना आश्चर्य वाटले. वरचा हिशेब ज्याने एकदा मांडला असेल त्याला ते वाटले नसते.

आणि पाऊस तरी पूर्वीचा राहिला आहे काय? मध्य भारतात व्यापक स्वरूपाच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले. पाऊस आता संततधारेऐवजी कोसळधारेने येतो आणि मध्ये लांब उघडीप देतो. कोसळणारे पाणी जमिनीत मुरत नाही. ते माती घेऊन खाडीला जाते आणि पुढचे आठ महिने उन्हाचे. ते ऊन काय करते हे आपण आपल्या दारात पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यासाठी लाखोंचा समुदाय जमला होता. त्यातील १४ माणसे उष्माघाताने दगावली. कोकणपट्टीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एप्रिलच्या मध्यावर हे घडले. दुष्काळ ही घाटापलीकडच्यांची गोष्ट आहे, असे आता कोणी म्हणू नये.

आता 'आमचे' या शब्दाकडे वळू. धरण बांधायचे म्हणजे कोणाची तरी जमीन बुडवायची. मोरब्याच्या पाण्याखाली शेतकऱ्यांची भातशेती गेली आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्याही गेल्या. पुनर्वसनाच्या, नोकरीच्या आणि मोबदल्याच्या मागण्या घेऊन हे धरणग्रस्त वर्षानुवर्षे आंदोलने करीत आले. आपल्यापैकी किती जणांना त्यांच्या एकाही गावाचे नाव सांगता येईल? ज्या जलाशयाचे पाणी आपण रोज पितो, त्याच्या काठी जाऊन किती जण आले? सहलीला गेलेले असतील. इर्शाळगडावर चढून खाली पसरलेल्या निळ्या पाण्याची छायाचित्रे काढणारी तरुण मंडळी आपल्या धर्मग्रामातही आहेत.

त्याच इर्शाळगडाच्या कुशीत ठाकरांची एक वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा शोध लागला नाही आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने मदतीला गेलेल्यांना चिखलातून डोंगर चढून जावे लागले होते. धरणामुळे दरड कोसळली असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आमचे म्हणणे एवढेच, की कित्येक किलोमीटर लांबीची जलवाहिनी डोंगर-रस्ते ओलांडून वाशीच्या सातव्या मजल्यापर्यंत आणता आली. मात्र त्या जलाशयाच्या माथ्यावर राहणाऱ्या माणसांपर्यंत एक रस्ता पोहोचला नाही. पाणी डोंगरावरून खाली आले. त्याच्या बदल्यात वर काय गेले? ज्याला आपण 'आमचे धरण' म्हणतो त्या धरणावरचे हे ऋण आहे आणि ते पाणीपट्टीच्या बिलात कोठेही छापलेले नाही.

बिलाची गोष्ट निघालीच आहे, तर तीही बोलून टाकू. महिन्याला तीस हजार लिटरपर्यंतच्या वापराला पन्नास रुपये, असा दर आपल्या महापालिकेने ठेवला आणि राज्यातील सर्वांत स्वस्त पाणी म्हणून आपण त्याची फुशारकी मारली. हिशेब करून पाहा. पाच माणसांच्या घरात तीस हजार लिटर म्हणजे माणशी दररोज दोनशे लिटर. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांसाठी शासकीय मानक आहे माणशी १३५ लिटरचे आणि ग्रामीण भागात नळाने पाणी देताना लक्ष्य धरले जाते माणशी ५५ लिटरचे. म्हणजे खेड्यातील माणसाच्या जवळपास चौपट पाणी आपल्याला एका रुपयाला सहाशे लिटर या भावाने बहाल झाले. बाटलीबंद पाण्यावर खर्च होणारे वीस रुपये घ्या. तेवढ्या पैशांत मोरब्याचे बारा हजार लिटर पाणी येते. जी वस्तू इतकी स्वस्त असते, तिच्याविषयी मनात आदर कसा राहावा?

येथे कोणी आम्हांस विचारील, "म्हणजे पाणी महाग करून गरिबाच्या तोंडचा घोट काढून घ्यायचा काय?" मुळीच नव्हे. पिण्याचे शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात निःसंदिग्धपणे मांडले आहे. त्याच परिपत्रकात पाण्याच्या उधळपट्टीवरही त्यांनी बोट ठेवले आहे. गरजेचे पाणी स्वस्तच असले पाहिजे. प्रश्न गरजेपलीकडच्या पाण्याचा आहे. दिघ्याच्या, तुर्भ्याच्या डोंगरकडेच्या वस्त्यांत बारीक धारेखाली हंडा लावून बसणारी बाई आणि गाडी धुण्यासाठी पाऊण तास रबरी नळी सोडून ठेवणारा गृहस्थ या दोघांना एकच सवलत देणे हा गरिबांचा कळवळा नव्हे. ती सवलत गरिबाच्या नावाने काढलेली आणि श्रीमंताच्या टाकीत साठलेली असते.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आमच्याच सोसायटीचे सांगतो. गच्चीवरील टाकी भरून वाहू लागली की पाणी भिंतीवरून खाली ओघळत येई. तळमजल्यावरचे लोक ओरडत आणि मग रखवालदार पंप बंद करी. हा प्रकार महिनोन् महिने चालला होता. टाकीला तरंगता गोळा बसवण्याचा खर्च मोजका होता. पण सर्वसाधारण सभेत तो विषय तीनदा पुढे ढकलला गेला, कारण 'पाण्याचे बिल असे कितीसे येते?' हा प्रश्न सर्वांना निरुत्तर करणारा होता. त्या सभेत आम्हीही होतो आणि आम्हीही गप्प बसलो होतो. सगळ्या इमारतीला मिळून एकच मीटर. त्यामुळे कोण किती वापरतो ते कोणालाच कळत नाही आणि जे कळत नाही त्याची लाजही वाटत नाही.

आता शेजाऱ्यांकडे पाहू. पनवेल परिसराला जे पाणी मिळते त्यातील एक वाटा पाताळगंगेचा आहे. उन्हाळ्यातही पाताळगंगा वाहती राहते, कारण खोपोलीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी तिला मिळते. हे वीजगृह १९१५ पासूनचे. ते पाणी येते लोणावळा-वळवणच्या तलावांतून. आणि ते तलाव आहेत इंद्रायणीच्या खोऱ्यात, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात. निसर्गाने जे पाणी पूर्वेकडे उजनीच्या आणि सोलापूरच्या दिशेने धाडले होते ते मुंबईच्या विजेसाठी शंभर वर्षांपूर्वी पश्चिमेकडे वळवले गेले आणि आज ते आपण पितो. त्याच योजनांच्या मालिकेतील मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला होता.

हे आम्ही इतक्या तपशिलाने का सांगतो? आपल्या धर्मग्रामात नगर, सोलापूर, जालना, बीडकडून आलेली कुटुंबे आहेत म्हणून. त्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांनी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले आणि अखेर मुंबईची वाट धरली. पाण्यामागे माणूस येतो. त्यांच्या गावाकडे जाऊ शकणारे पाणी आधीच येथे येऊन राहिले होते. मागाहून तीही आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेण्याची वेळ आली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. ती गाडी दूरदर्शनवर पाहताना आमच्या शेजारच्या एका आजींनी उठून स्वयंपाकघरातला गळका नळ घट्ट बंद केला. एवढ्या वर्षांत त्या नळाकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते असे नाही. परंतु त्या दिवशी त्यांना तो गावच्या आडासारखा दिसला असावा.

आपल्यातील दुसरा मोठा गट वसईकरांचा. त्यांना तर पाण्याची गोष्ट नव्याने सांगायला नकोच. वाडीत विहीर, तिच्यावर रहाट, शेजारी बावखल आणि त्यांच्या ओलीवर पोसलेली केळी, पानवेली आणि फुलझाडे ही वसई ज्यांनी पाहिली आहे ती पिढी अजून हयात आहे. ऐंशीच्या दशकात इमारती उठू लागल्या आणि टँकर वाड्यांत शिरले. विहिरीतून दिवसरात्र उपसा सुरू झाला, गोडे पाणी आटले आणि त्याच्या जागी खारे पाणी आत सरकू लागले. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. टँकरमाफियांना आणि त्यांच्या पाठीराख्यांना तोंड देत सामान्य वाडीवाले, धर्मगुरू आणि गृहिणी रस्त्यावर उतरल्या. पाणी हा धर्मग्रामाचा विषय आहे काय, असा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला होता. वसईने त्याचे उत्तर आपल्या कृतीने दिले.

पण त्या लढ्याचा अभिमान बाळगताना एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. वसई-विरारची शहरे वाढली आणि त्यांच्यासाठी पाणी आले सूर्या प्रकल्पाचे. पालघरकडील आदिवासींच्या शेतांना ओलीत मिळावे म्हणून जो प्रकल्प बांधला गेला त्याचे पाणी शहरांकडे वळले. आपली विहीर लुटली जात होती तेव्हा आपण मोर्चे काढले. आपल्यासाठी दुसऱ्याचा कालवा वळवला गेला तेव्हा मात्र किती जण बोलले? विहीर आणि धरण यांत एवढाच फरक आहे. विहिरीचा मालक आपल्या ओळखीचा असतो.

नवी मुंबईत तर विहिरींचीही आठवण पुसली गेली आहे. वाशी, जुहूगाव, कोपरी, तुर्भे, शिरवणे, दारावे, करावे, दिवाळे, घणसोली, गोठिवली ही आगरी-कोळ्यांची जुनी गावे. खाडीच्या काठी, खाऱ्या पाण्याच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहून या माणसांनी गोडे पाणी जपले. पारसिकच्या डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणी तलावात अडवले, तलावाच्या झिरप्यावर विहिरी राखल्या आणि खारबांध घालून भरतीला शेताबाहेर ठेवले. नळ आला तेव्हा या व्यवस्थेची गरज संपली, असे सर्वांनीच मानले. आज गावठाणांतून फिरून पाहावे. काही विहिरींवर जाळ्या आहेत, काहींत निर्माल्य आणि प्लास्टिक तरंगते, तर काही विहिरी सापडतच नाहीत, कारण त्यांच्यावर इमारत उभी आहे. तलावांना दगडी काठ, दिवे आणि बाके मिळाली. त्यांच्याकडे येणारे ओहोळ मात्र गटारे झाले.

पवित्र शास्त्रात इसहाकाची कथा आहे. त्याचा पिता अब्राहाम याने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरून काढल्या आणि त्याच्या पित्याने त्यांना दिलेली नावेच त्यांना दिली. लहानपणापासून ही कथा आपण ऐकत आलो आणि प्रत्येक वेळी स्वतःला इसहाकाच्या बाजूचे समजत आलो. या शहरात आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत? विहीर बुजवणाऱ्याने ती वैराने बुजवली की वाहनतळासाठी बुजवली, याने त्या विहिरीला काय फरक पडतो?

यावर एक ठरलेले उत्तर येते. तज्ज्ञ, पुढारी आणि बिल्डर यांचे या उत्तरावर एकमत असते: "शहर वाढते आहे, आणखी एक धरण बांधा." पेण तालुक्यात बाळगंगा, कर्जत तालुक्यात कोंढाणे ही नावे त्यासाठी घेतली जातात. बाळगंगेचे काम सुरू होऊन दीड दशकाच्या आसपास काळ लोटला. ते प्रकरण सिंचन गैरव्यवहाराच्या चौकशीत अडकले आणि बुडणाऱ्या गावांतील लोक धड शेतीतही नाहीत आणि धड पुनर्वसितही नाहीत अशा अवस्थेत लोंबकळत राहिले. खारघर, तळोजा, उलवे येथील रहिवाशांची तहान खरी आहे. टँकरच्या बिलाने आणि वाट पाहण्याने ती माणसे त्रासली आहेत. त्यांना पाणी मिळालेच पाहिजे. किंबहुना त्यांच्यासाठीच आम्ही हा प्रश्न लावून धरीत आहोत. परंतु जे आहे ते नीट वाटून घेण्यापूर्वी आणि एकदा वापरलेले पाणी पुन्हा वापरण्यापूर्वी नवे खोरे बुडवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पुन्हा वापरणे ही कविकल्पना नव्हे. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे आणि ऐरोली येथे महापालिकेची मलप्रक्रिया केंद्रे आहेत आणि त्यांची वाखाणणीही झाली आहे. कोपरखैरणे व ऐरोली येथे प्रत्येकी दोन कोटी लिटर पाण्यावर आणखी एक प्रक्रिया करून ते औद्योगिक पट्ट्याला देण्याची योजना 'अमृत' अभियानातून उभी राहिली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, पण लहान आहे. दोन्ही मिळून चार कोटी लिटर. मोरब्याची दैनंदिन क्षमता पंचेचाळीस कोटींची. एकदा वापरून शुद्ध केलेल्या पाण्याचा मोठा वाटा खाडीला जाऊन मिळतो आणि त्याच वेळी उद्याने, बांधकामे, रस्ते धुणे आणि शौचालये यांसाठी कित्येक ठिकाणी पिण्याचे पाणी खर्ची पडते. धावरीचे पाणी डोंगर ओलांडून आणायचे, गाळायचे, निर्जंतुक करायचे आणि त्याने संडास धुवायचा, या व्यवहाराला शहाणपण म्हणता येत नाही.

पावसाचेही तसेच. आपल्या भागात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचशे चौरस मीटरच्या छपरावर, मग ते चर्चचे असो वा सोसायटीचे, साडेबारा लाख लिटर पाणी पडते. त्यातील वीस टक्के वाया गेले असे धरले तरी दहा लाख लिटर उरतात. खाडीलगतच्या भराव जमिनीत ते मुरवणे कठीण, हे आम्हांस ठाऊक आहे. डोंगराच्या बाजूला ते मुरेल, इतरत्र निदान पावसाळ्याचे चार महिने धुण्याभांड्याला आणि शौचालयाला ते वापरता येईल. तेवढे दिवस धरणातून कमी पाणी उचलले, तर ऑक्टोबरमध्ये धरण अधिक भरलेले राहील आणि त्याचा लाभ पुढच्या मे महिन्यात मिळेल. नियमांत पर्जन्यजल संकलन सक्तीचे झाले. कित्येक इमारतींत त्यासाठी बसवलेली नळी कोठे जाते हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

मग आपण काय करावे? येथे एका धर्मगुरूची आठवण उपयोगी पडेल. स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हयात घालवली. विहिरी खोदून तहान भागेना, हे त्यांनी दुष्काळात पाहिले. पाणी जमिनीत मुरतच नसेल तर विहिरीत येणार कोठून? मग काम सुरू झाले माथ्यापासून पायथ्यापर्यंत: समपातळी चर, बांधबंदिस्ती, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखे टँकरवर जगणारे गाव नव्वदच्या दशकात या वाटेने चालू लागले. त्या कामाचा पहिला धडा असा, की पाण्याची सुरुवात नळापासून होत नाही. ती डोंगरमाथ्यावर होते आणि माथ्यावरच्या माणसाला त्यात वाटा द्यावा लागतो.

हा धडा नवी मुंबईला लावू या. महापालिकेकडे आमची पहिली मागणी मोरबे धरणग्रस्तांचे जे देणे असेल ते आधी चुकते करण्याची आहे. त्यांचे पाणी पिताना त्यांना दारात उभे ठेवणे शोभत नाही. दुसरी मागणी दराची. माणशी १३५ लिटरपर्यंतचे पाणी स्वस्त राहो, त्यापुढील वापराचा दर चढत जावा आणि त्या पैशातून डोंगरकडेच्या वस्त्यांत पुरेशा दाबाने पाणी पोहोचावे. तिसरी अशी, की शुद्ध केलेले सांडपाणी उपलब्ध असेल तेथे उद्यानाला आणि बांधकामाला पिण्याचे पाणी देणे बंद व्हावे. आणि चौथी, गावठाणांतील विहिरी व तलाव यांची नोंद करून ते ग्रामस्थांच्या देखरेखीखाली स्वच्छ केले जावेत. ते पाणी पिण्याजोगे झाले नाही तरी वापरण्याजोगे होईल.

मागण्या करणाऱ्याने स्वतःचे घर आधी झाडावे. आपल्या प्रत्येक सोसायटीत घरागणिक मीटरचा ठराव यावा आणि तो आपल्यापैकी कोणीतरी मांडावा. चर्चच्या छपरावरचे पाणी अडवले जावे. धर्मग्रामाच्या वार्षिक हिशेबात जशी वर्गणी आणि खर्च वाचून दाखवतात तसा पाण्याचा वापरही वाचून दाखवावा. लग्नाच्या जेवणावळीत अर्ध्या प्यालेल्या बाटल्यांचा जो ढीग पडतो, त्याकडे यजमानाने एकदा डोळे उघडून पाहावे. प्रायश्चित्तकाळात आपण मांस वर्ज्य करतो. त्या चाळीस दिवसांत, ऐन उन्हाच्या तोंडाशी, प्रत्येक घराने माणशी दोन बादल्या पाणी कमी वापरले, तर तो उपवास शेजाऱ्याच्या खरोखर उपयोगी पडेल. आणि आपल्या तरुणांनी पुढच्या सहलीत इर्शाळगडाच्या पायथ्याशी केवळ छायाचित्रे न काढता तेथील माणसांशी दोन शब्द बोलून यावे.

यातील एकही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ती 'आम्ही पैसे भरतो' ही गुर्मी सोडणे. पैसे आपण नळाचे, पंपाचे आणि गाळणीचे भरतो. पाण्याचे पैसे आजवर कोणीही भरलेले नाहीत, कारण ते कोणी बनवलेलेच नाही. ते धावरीच्या खोऱ्यावर पडते, तेथल्या मातीत मुरते, तेथल्या माणसांच्या बुडालेल्या शेतांवर साठते आणि मग आपल्याकडे येते.

येत्या उन्हाळ्यात चर्चच्या आवारात ते वाक्य पुन्हा ऐकू येईल, यात आम्हांस शंका नाही. तेव्हा वाद घालू नये. बोलणाऱ्याला शांतपणे एवढेच विचारावे: गेल्या महिन्यात तुमच्या घरी किती लिटर पाणी आले? उत्तर देता आले नाही, तर दोघांनी मिळून सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जावे आणि मीटर कोठे आहे ते पाहून यावे.